हजेरी आणि खाडा

कारखान्यात, बांधकामावर किंवा घरकामाला माणूस ज्या दिवशी येत नाही, त्या दिवसाला आपण ‘खाडा’ म्हणतो. पोराला ताप होता, नदीला पूर आला होता, की मुकादमानेच ‘आज काम नाही’ म्हणून परत पाठवले होते, हे वहीतल्या खुणेवरून कळत नाही. पैसे कापायला ती खूण पुरते आणि ती तेवढ्याचसाठी केलेली असते.

नोकरी सुटलेला माणूस नवा बायोडाटा लिहायला बसतो तेव्हा त्याची मुख्य अडचण या खाड्याचीच असते. शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, हुद्दे हे सगळे भराभर लिहून होते. मग दोन तारखांच्या मध्ये मोकळी जागा उरते आणि तिचे काय करायचे ते सुचत नाही. कोणी तारखा गाळून नुसती साले लिहितो, कोणी नसलेला एखादा कोर्स टाकतो, कोणी ‘घरगुती कारण’ एवढ्यावर भागवतो. या संकोचाला आपली भाषाही हातभार लावते. ‘बेकार’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ फक्त ‘कामाविना’ असा. मराठीत मात्र बेकार जेवण, बेकार रस्ता, बेकार माणूस असे म्हणता म्हणता त्याचा अर्थ ‘टाकाऊ’ असा झाला. काम नसणे आणि किंमत नसणे या दोन गोष्टी एकाच शब्दात येऊन बसल्या. उलट ‘कारकीर्द’ हा शब्द, तोही फारसीतूनच आलेला, मूळचा ‘केलेले काम’ एवढाच. आज तो प्रामुख्याने राजे, मंत्री आणि खेळाडू यांच्यासाठी राखीव असल्यासारखा वापरला जातो.

केलेल्या कामाचा कागद कोण लिहितो, कोणासाठी लिहितो आणि त्यात खाड्याला काय जागा असते, याचा मागोवा घेण्यासाठी राजधानीच्या शहरापेक्षा एखादे दूरचे खोरे अधिक उपयोगी पडते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला भंडारदऱ्याचा परिसर हे असे खोरे आहे. वर रतनगड, उत्तरेला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, मधून प्रवरा, आणि खाली राजूरची बाजारपेठ. गेल्या अडीचशे वर्षांत इथल्या माणसांवर काम जाण्याची पाळी अनेकदा आली. दर वेळी त्यांच्यापुढे आलेला कागद वेगळा होता.

करीना

आधी पाहायचा तो मराठेशाहीतला कागद. जुन्या वतनदार घराण्यांच्या दप्तरांत ‘करीना’ नावाचा एक प्रकार आढळतो. वतनाचा तंटा उभा राहिला किंवा हक्कावर कोणी आक्षेप घेतला, की घराणे आपली हकिकत लिहून काढी. मूळ पुरुष कोण, वतन कोणी दिले, कोणत्या मोहिमेत कोण कामी आले, कोणत्या धन्याने काय इनाम दिले, हे त्यात क्रमाने येई. कारी गावच्या जेधे घराण्याचा करीना शिवकालाच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी वतनावर पाणी सोडून शिवाजीमहाराजांच्या बाजूला उभे राहणाऱ्या कान्होजी जेध्यांचे हे घराणे.

वतन धोक्यात आले की लिहिलेला, सत्तेपुढे ठेवण्यासाठी रचलेला, केलेल्या सेवेची यादी देणारा कागद म्हणून करीन्याला बायोडाट्याचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. अतिशयोक्ती दोघांतही असते. आधार म्हणून साक्षीदार दोघांनाही लागतात. करीन्याच्या मागे गोतसभेचा महजर असे, बायोडाट्याच्या शेवटी दोन ओळखीच्या माणसांची नावे असतात. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. करीना खाडा लपवत नाही, तो सांगतो. दुष्काळ पडला, परचक्र आले, गाव परागंदा झाला, घरातला कर्ता पुरुष मारला गेला आणि मागे लहान मूल उरले, त्या काळात भाऊबंदाने वतन बळकावले, अशी कारणे अशा कागदांत ओळीने येतात. किंबहुना हक्क का तुटला हे सांगितल्याशिवाय तो परत मागता येत नसे. मधल्या मोकळ्या वर्षांची हकिकत हाच त्या कागदाचा कणा होता.

युरोपात बायोडाट्याचा आद्य नमुना म्हणून लिओनार्दो दा विंचीच्या एका पत्राकडे बोट दाखवले जाते. सुमारे १४८२ साली मिलानच्या लुडोव्हिको स्फोर्झाकडे नोकरी मागताना त्याने आपली कसबे क्रमवार मांडली. हलके पूल, सुरुंग, तोफा आणि झाकलेले रथ अशी युद्धोपयोगी कामे आधी, आणि चित्रकला पार शेवटी. घेणाऱ्याला काय हवे आहे ते ओळखून केलेली ही मांडणी. लिओनार्दो ‘मी काय करू शकतो’ ते सांगतो, करीना ‘आम्ही काय केले आणि मध्ये काय झाले’ ते सांगतो. आजचा बायोडाटा लिओनार्दोच्या वाटेने आला. करीन्याची वाट मात्र बुजली.

तरीही करीना हा ज्यांच्याकडे वतन होते त्यांचा कागद. लिहिणारा कारकून हाताशी असावा लागे, जुन्या सनदा पेटीत असाव्या लागत. डोंगरातल्या नाईकांजवळ हे फारसे नसे.

रदबदली

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजूर परिसरात जावजी बांबळे नावाचा महादेव कोळी नाईक होऊन गेला. त्याचा बाप पेशव्यांच्या चाकरीत होता. बापामागे ती जागा आपल्याला मिळेल ही जावजीची अपेक्षा सरकारी कारभाऱ्याने पुरी केली नाही. जावजी डोंगरात शिरला, बंडखोर झाला, किल्ले घेऊन बसला. शेवटी तुकोजी होळकरांनी मध्यस्थी केली, किल्ले सरकारात जमा झाले आणि राजूरकडच्या साठ गावांचा बंदोबस्त जावजीकडे सोपवण्यात आला. ज्याला चाकरीत घ्यायचे नाकारले, त्याच्याच हाती पुढे तो मुलूख राखायला दिला. जावजीच्या अंगचे गुण या सगळ्या काळात तेच होते. बदलली ती त्याच्यासाठी शब्द टाकणाऱ्या माणसाची उंची. या गोष्टीला जुन्या मराठीत ‘रदबदली’ असा नेमका शब्द आहे. नोकरीच्या बाजारात ती आजही चालते, नाव तेवढे ‘रेफरन्स’ असे पडले आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि या खोऱ्यावर पहिली मोठी बेकारी आली. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर शिबंदी असे. आसपासच्या गावांतली माणसे चौकीपहाऱ्याला, दाणागोटा वाहायला, वाटा राखायला नेमलेली असत. इंग्रजांना या किल्ल्यांची गरज नव्हती, भीती मात्र होती. अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडवण्यात आले आणि शिबंदीला रजा मिळाली. पुण्याकडे रामोशी, इकडे कोळी अशा दोन्ही समाजांतल्या असंतोषाचे एक कारण म्हणून किल्ल्यांवरची चाकरी जाणे हे पुढच्या इंग्रजी लेखनातही नोंदलेले आहे. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने उमाजी नाईकांच्या आणि नंतर कोळ्यांच्या बंडांचा बंदोबस्त करताना दोन्ही समाजांवर सविस्तर टिपणे लिहिली. त्याचे महादेव कोळ्यांवरचे टिपण १८३० नंतरच्या दशकात छापले गेले. म्हणजे या लोकांच्या कामाची आणि कसबांची पहिली सविस्तर छापील नोंद त्यांना पकडायला आलेल्या माणसाने केली. बायोडाटा दुसऱ्याने लिहिला तर त्याचे काय होते, याचे हे उदाहरण आहे. वाटांची माहिती, काटकपणा, रात्रीची हालचाल या ज्या गोष्टी किल्लेदाराच्या लेखी गुण होत्या, त्या पोलीस अधिकाऱ्याच्या लेखी धोक्याची लक्षणे ठरल्या.

याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे १८४८ च्या आरंभी पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. चार वर्षांनी, १८५२ साली, इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले आणि देशावरच्या इनामदारांना आपापल्या हक्काच्या कैफियती व सनदा घेऊन सरकारपुढे उभे राहावे लागले. कागद असलेल्यांचीही तिथे तारांबळ उडाली. ज्यांच्या चाकरीचा कागदच झाला नव्हता, त्यांचा प्रश्न कोणत्याच कमिशनपुढे आला नाही.

१८५७ मध्ये सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोट्याच्या भागोजी नाईकांनी उठाव केला. ते आधी नगरच्या पोलिसांत अधिकारी होते. १८५५ साली दंग्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली, आणि सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. तुरुंगाचा खाडा असलेल्या माणसाला काम देण्याआधी जामीन मागणारे जग तेव्हाही होते. या उठावानंतर सरकारने उलटी युक्ती केली. कॅप्टन नटॉल या अधिकाऱ्याच्या हाताखाली कोळ्यांचीच सहाशे जणांची पलटण उभी केली. ज्यांना बंडखोर म्हणायचे तीच माणसे कवायत शिकून बंदोबस्तात तरबेज निघाली, असे सरकारी गॅझेटियरनेच पुढे मान्य केले. मार्च १८६१ मध्ये ही पलटण मोडण्यात आली. थोडे लोक पोलिसांत गेले, बाकीचे शेती आणि मोलमजुरीकडे परतले. त्या तीन-चार वर्षांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा होता.

सैनिकाच्या कामाचे नागरी नोकरीत भाषांतर करून देणे ही सरकारची जबाबदारी आहे, हे मान्य व्हायला आणखी बराच काळ गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, परतलेल्या सैनिकांसाठी देशात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाली. ती १९४८ पासून सर्वांना खुली झाली. पुढे कित्येक मराठी घरांत मुलगा मॅट्रिक झाला की पेढे वाटून झाल्यावरचे दुसरे काम म्हणजे एक्स्चेंजमध्ये नाव घालणे. त्या कार्डाचे मुदतीत नूतनीकरण करावे लागे. चुकले तर नोंदणीची ज्येष्ठता जाण्याची भीती. बेकारीच्या रांगेतही खाडा चालत नसे.

उमेदवार

अकोल्याच्या डोंगरात हे घडत असताना पुण्या-मुंबईत वेगळाच प्रकार रुळत होता. इंग्रजी कचेऱ्या वाढल्या, १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि परीक्षेचा दाखला हा नोकरीचा परवाना बनला. तरीही जागा कमी आणि मागणारे जास्त. त्यातून ‘उमेदवारी’ नावाची रीत पक्की झाली. कचेरीत रोज यायचे, पडेल ते लिहायचे, पगार घ्यायचा नाही. जागा रिकामी झाली की साहेबाची नजर आपल्यावर पडेल, या आशेवर राहायचे. ‘उमेद’ म्हणजे आशा. निवडणुकीला उभा राहणारा तो उमेदवार, हा अर्थ पुढचा. कचेरीच्या व्हरांड्यातला तो बिनपगारी तरुण आधीचा. त्याचा बायोडाटा म्हणजे त्याची रोजची हजेरी. आज ‘इंटर्नशिप’ या नावाखाली बिनपगारी राबणाऱ्या मुलांना हे वर्णन जुने वाटणार नाही.

सोळा वर्षांचे मस्टर

१९१० साली भंडारदऱ्याला प्रवरेवर धरणाचे काम सुरू झाले. योगायोग असा, की त्याच साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि करीने, महजर, सनदा यांसारखे कागद घरोघर फिरून जमवण्याच्या कामाला संस्थेचे बळ मिळाले. पुण्यात जुन्या सेवेचे कागद वाचवले जात होते, त्याच वर्षी प्रवरेच्या उगमाशी सोळा वर्षे चालणाऱ्या एका नव्या सेवेला आरंभ झाला.

धरण दगडी बांधणीचे, पायापासून सुमारे ८२ मीटर उंच, साठवण सुमारे ११ अब्ज घनफूट. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि धरणाला विल्सन धरण हे नाव मिळाले. जलाशय आर्थर लेक म्हणून ओळखला जाऊ लागला. एवढे धरण बांधायचे म्हणजे दगड फोडणारे, घडवणारे, वाहणारे, चुना मळणारे, रचणारे असे हजारो हात लागतात. या हातांची नोंद सरकारी बांधकामावर एकाच ठिकाणी होते, ते म्हणजे मस्टर. नाव, हजेरीचे दिवस, दर, रक्कम, आणि शेवटी सही किंवा अंगठा.

मस्टर हा करीन्याच्या नेमका उलट कागद आहे. करीना सेवा करणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आणि त्याच्याच पेटीत राहणारा. मस्टर काम देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले आणि कचेरीत जमा होणारे. करीन्यात कारणे असतात, मस्टरमध्ये खुणा. आज ज्याला आपण ‘प्रोफाइल’ म्हणतो त्याचा रकानेवजा सांगाडा या मस्टरमधून आलेला आहे. हिशेबासाठी रकाने सोयीचे असतात, यात वाद नाही. पण रकान्यांची सवय लागली की ज्याला रकाना नाही ते कामच नव्हे, असे वाटू लागते.

पंधराव्या वर्षी इथे दगड वाहायला लागलेला मुलगा काम संपले तेव्हा एकतीस वर्षांचा झाला असेल. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाच प्रकल्पावर सोळा वर्षांचा सलग अनुभव. हा अनुभव दुसऱ्या कामावर दाखवायला त्याच्या हाती काय उरत असे? हाताचे घट्टे, आणि मुकादमाची ओळख. मुकादम दुसरीकडे गेला तर त्याच्यामागून जायचे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

धरणाच्या पाण्याने खाली कालवे भिजले, ऊस आला, आणि १९५० साली लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊसतोडीच्या हिशेबात नोंदीची आणखी एक रीत दिसते. तिथे नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल कोयत्याला मिळते, हिशेबही कोयत्याचाच होतो. बाईने आयुष्यभर मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहून गाडीत भरल्या, तरी हिशेबात तिचे वेगळे नाव येत नाही. घरात मुले वाढवून दहा वर्षांनी पुन्हा नोकरी शोधणाऱ्या शहरी बाईच्या बायोडाट्यातली मोकळी जागा आणि कोयत्यातली ही अर्धी बाई यांची जात एकच आहे.

बदलीचे कार्ड

घाटावरच्या गावांतून मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्यांना भरतीचा दरवाजा म्हणजे जॉबर. गाववाला, नातेवाईक किंवा खोलीतला जोडीदार याच्या ओळखीने जॉबरपर्यंत पोचायचे. त्याची मर्जी राखायची, कधी हातही ओले करायचे. ही मनमानी आवरण्यासाठी गिरणीमालकांच्या संघटनेने १९३५ साली बदली कार्डांची पद्धत आणली. कार्ड असलेल्या बदली कामगाराने रोज सकाळी गेटवर हजर राहायचे. कायम कामगाराचा खाडा पडला तर त्याच्या साच्यावर याला काम. एकाच्या खाड्यावर दुसऱ्याची हजेरी उभी, असा हा हिशेब. तरीही कामगाराच्या खिशात आता एक कागद आला होता, आणि ‘मी या गिरणीचा आहे’ असे त्याला त्या कागदावरून सांगता येत होते.

त्याची खरी किंमत कळली ती पुढे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतले असंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. साचा चालवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला वॉचमन, भाजीवाला, रिक्षाचालक किंवा गावी परतून शेतमजूर म्हणून नव्याने सुरुवात करावी लागली. बायोडाटा लिहिण्याची सवय त्या पिढीला नव्हती; लिहिला असता तरी ‘विणकाम, वीस वर्षे’ ही ओळ वाचणारा बाजारच संपला होता. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे देण्याची योजना आली तेव्हा मात्र जुना कागद एकाएकी मौल्यवान ठरला. १ जानेवारी १९८२ रोजी आपण गिरणीच्या पटावर होतो, हे सिद्ध करायचे होते. तिकीट नंबर, ईएसआयचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती यांसाठी ट्रंका उपसल्या गेल्या. ज्याने कागद जपला तो रांगेत उभा राहू शकला. ज्याच्या चाळीत पावसाचे पाणी शिरले होते, त्याला आपले आयुष्य दुसऱ्या कोणाच्या तरी दप्तरात शोधावे लागले.

हमी

१९७२ च्या दुष्काळाने राज्याला कामाच्या कागदाकडे नव्याने पाहायला लावले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, ताली घालणे, पाझर तलाव, रस्ते. वि. स. पागे यांनी तासगाव परिसरातल्या प्रयोगातून पुढे आणलेली रोजगार हमीची कल्पना राज्यभर लागू झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेसाठी १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. आजही पगाराच्या चिठ्ठीत कापली जाणारी ती छोटी रक्कम, ज्याला काम आहे त्याने ज्याला नाही त्याच्या कामासाठी दिलेली, अशा हेतूने सुरू झाली होती.

या कायद्याने बेकाराच्या कागदाचा सूर बदलला. अर्जदार काय शिकला, आधी कुठे होता, मधली वर्षे काय करत होता, हे विचारायचे कारण उरले नाही. अंगमेहनतीची तयारी आहे आणि काम हवे आहे, एवढे सांगितले की पुरे. २००६ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा लागू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत नगरही होता. त्यात प्रत्येक कुटुंबाला जॉबकार्ड देण्याची आणि ते कुटुंबाच्याच ताब्यात ठेवण्याची तरतूद होती. कोणत्या तारखेला कोणत्या कामावर किती दिवस, ही नोंद मजुराच्या घरात राहणार होती. नोंदी वेळेवर न होणे, कार्ड दुसऱ्याच कोणाच्या तरी पेटीत पडून राहणे या तक्रारी सर्वत्र झाल्या, तरी तत्त्व महत्त्वाचे होते. भंडारदऱ्याच्या धरणावर मस्टर कचेरीकडे गेले होते. ऐंशी वर्षांनी कागद मजुराच्या घराकडे वळला.

रकान्याबाहेरचे काम

आज भंडारदऱ्याला काम शोधणाऱ्या तरुणासमोर बायोडाटा हाच कागद आहे. तो त्याने स्वतः लिहायचा आहे, ही या सगळ्या इतिहासातली नवी गोष्ट. कारकून नाही, मुकादम नाही, जॉबर नाही. पण रकाने अजून वाचणाऱ्याचेच आहेत. नाशिकच्या किंवा पुण्याच्या कारखान्यातून २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. त्याने दोन वर्षे भात लावला, पर्यटकांना कळसूबाईवर नेले, मे-जूनमध्ये काजवे पाहायला येणाऱ्यांसाठी तंबू लावले, जेवणाचे हिशेब ठेवले, आजारी बापाला संगमनेरच्या दवाखान्यात नेले-आणले. बायोडाट्यात या दोन वर्षांसाठी तो ‘काही नाही’ असे लिहितो. त्याला कोणी खोटे बोलायला शिकवले नसते. रकान्याने त्याला स्वतःविरुद्ध खोटे बोलायला शिकवले आहे.

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. नोकरीही त्यांनी केलेली नाही. बायोडाट्याच्या नेहमीच्या नमुन्यात त्यांचा अर्ज कोरा राहिला असता. त्यांनी गावरान भात, वाल, घेवडा, भाज्या यांचे बियाणे वर्षानुवर्षे निवडले, राखेत आणि मडक्यांत जपले, बायकांचे गट बांधून वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम सन्मानाच्या आधीही तेवढेच होते. ते कोणीतरी मोजण्याजोगे मानले आणि नीट नोंदवले, एवढाच फरक. प्रत्येकाला पद्मश्री मिळणार नाही, मिळायची गरजही नाही. पण आपण काय केले याची यादी करताना राहीबाईंचे काम आठवले, तर आपल्या मोकळ्या रकान्यात खरोखर काही नव्हते का, हे एकदा तपासून पाहावेसे वाटेल.

म्हणून नोकरी सुटल्यावर बायोडाटा लिहायला बसणाऱ्याने करीन्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. काम गेले ते का गेले, हे एका सरळ वाक्यात सांगावे: कंपनी बंद पडली, आई अंथरुणाला खिळली, प्रकल्प संपला. त्यानंतरच्या काळात काय केले ते हुद्द्याच्या नव्हे, कामाच्या भाषेत लिहावे: किती माणसे सांभाळली, किती पैशांचा हिशेब ठेवला, काय नव्याने शिकलो, आणि हे पाहिलेला माणूस कोण. लिओनार्दोकडूनही एक गोष्ट घ्यावी. वाचणाऱ्याला ज्याची गरज आहे ते वर ठेवावे. आणि नोकरी देणाऱ्याच्या खुर्चीत बसलेल्यानेही, समोरच्या कागदातल्या मोकळ्या जागेवर लाल रेघ मारण्याआधी, त्या काळात काय घडले एवढे विचारावे. मस्टरला तो प्रश्न विचारता येत नाही. माणसाला येतो.

भंडारदऱ्याच्या धरणाला शंभर वर्षे होत आहेत. दगडावर दगड ठेवणाऱ्यांनी आपल्या कामाबद्दल लिहिलेला एकही करीना त्या भिंतीसोबत वाचायला मिळत नाही, भिंत मात्र पाणी अडवून उभी आहे. ज्यांच्या हातात आज पेन आहे आणि काम नाही, त्यांनी निदान आपला खाडा आपल्या शब्दांत लिहून ठेवावा.